काळीतला मणी

“उंदीर,” खांबेटे सर म्हणाले.

अडीच मीटर खोल चरात मी गुडघे टेकून बसले होते. माझ्या तळहातावर लाल अकीकाचा मणी होता, बोराच्या बीएवढा, आणि आनंदाने मला धड श्वास घेता येत नव्हता. आणि चराच्या काठावर उभे राहून आमचे मार्गदर्शक मला एका शब्दात निकालात काढत होते.

“सर, उंदीर कसा असेल? बीळ कुठे आहे?”

“असेल. दिसत नाही एवढंच. उंदीर काय पाटी लावून बीळ करतो, मिस चांदवडकर?”

उत्खननात उंदीर हा सगळ्या पापांचा धनी असतो. वरच्या थरातली वस्तू खालच्या थरात मिळाली, की ती उंदराने बिळातून खाली नेली असं लिहून मोकळं व्हायचं. आदल्या हंगामात सरांना दोन हजार वर्षं जुन्या राखेत फाउंटन पेनचं टोपण सापडलं होतं. त्याचाही आरोपी उंदीरच होता, आणि तेव्हा मीही खूप हसले होते. आता मात्र मला सरांचा आणि समस्त उंदरांचा सारखाच राग आला.

ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची, एका हिवाळ्यातली. दुधनेच्या काठी खापरगव्हाण नावाचं गाव आहे. गावाला लागून एक मोठं टेकाड, त्याला लोक पांढर म्हणतात. माणूस एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिला, की त्याच्या चुलीची राख, गुरांचं शेण आणि पडलेल्या भिंती यांनी माती पांढुरकी होते. त्या टेकाडाच्या पोटात सातवाहनांच्या काळातलं एक गाव होतं, आणि पांढरीच्या खाली काळी. काळी म्हणजे माणूस येण्याच्या आधीची जमीन. खणता खणता काळी लागली, की हत्यारं खाली ठेवायची आणि घरी जायचं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. टेकाडावर हिंडताना मला तीन मणी मिळाले होते. तेवढ्यावर मी सरांना सांगून टाकलं होतं, की परदेशी जाणारे मणी इथेच, या गावात बनत होते आणि माझा प्रबंध त्याच विषयावर होणार.

“तीन मणी म्हणजे कुणाची तरी माळ तुटली,” सर म्हणाले होते. “कारखाना म्हणायचं असेल तर कारखान्याचा कचरा दाखवा. एक चर देतो. फेब्रुवारीच्या चौथ्या शनिवारपर्यंत काही मिळालं तर मणी तुमचे. नाही मिळालं तर चर बंद, विषय बंद, आणि तुम्ही खापरांवर नंबर घालायला बसायचं.”

खापरांवर नंबर घालणं म्हणजे काय, हे ज्याने घातलेत त्यालाच कळेल. पोत्यांनी खापरं यायची. ती धुवायची, वाळवायची आणि बोरूने प्रत्येकाच्या पाठीवर बारीक आकडे काढायचे. आमच्या विभागातल्या दोन मुली या कामावर बसल्या होत्या, त्या पुढे कधी चरात उतरल्याच नाहीत. एकीने लग्न केलं, दुसरीने बँकेची परीक्षा दिली.

चराची जागा सरांनीच ठरवली. टेकाडाचा सर्वांत उंच भाग. पाच आठवडे मी तिथे खणलं. राख, खापरं, हाडं, पुन्हा राख. मण्याचं नाव नाही. आणि पाचव्या आठवड्याच्या बुधवारी दुपारी खाली काळी लागली. मऊ, ओलसर, चकचकीत काळी. मजूर जेवायला वर गेले, तेव्हा मी चरात एकटीच बसून पोटभर रडले. निदान मला वाटलं मी एकटी आहे.

आणि गुरुवारी सकाळी अकरा वाजता त्याच काळीत मला मणी मिळाला.

माझ्यासोबत चरात कौतिकाबाई होत्या. पन्नाशीच्या, काटक, गावातल्याच. त्यांचा हात इतका हलका होता, की त्यांनी खुरप्याने खरवडलेली जमीन सारवल्यासारखी सपाट दिसायची. पाच आठवडे आम्ही एकाच खड्ड्यात बसलो होतो, पण आमच्यात शंभर वाक्यंही झाली नसतील. पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्या मजुरांना उभं करून नियम सांगितला होता: खड्ड्यात बोलायचं नाही. गप्पांच्या नादात वस्तू फुटतात. कौतिकाबाईंनी तो नियम देवाची आण घातल्यासारखा पाळला. त्या गुरुवारी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “बाई, हितं जरा मऊ लागू लागलंय.” मी हातातली छोटी करणी लावली आणि चार बोटं खाली मणी.

“मी उतरतोय,” सर वरून म्हणाले.

सर छप्पन्न वर्षांचे, पोट सुटलेले, आणि शिडीचं व त्यांचं वैर होतं. तरी ते उतरले. काळीवर पालथे झोपले, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जमिनीला लावून ब्रशाने एक-एक बोट जागा झाडत राहिले. बीळ भरून आलेलं असेल तर त्याचा सांधा दिसतो, मातीचा रंग जरा फिका असतो. सरांनी अर्धा तास सांधा शोधला. कौतिकाबाई कोपऱ्यात पदर सावरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता, तो मला सरांच्या धाकाने उतरलाय असं वाटलं.

शेवटी सर उठून बसले. त्यांच्या नाकाच्या शेंड्याला काळी माती लागली होती.

“सांधा नाही,” ते हळूच म्हणाले.

“नाही ना?”

“तीस वर्षं मी हेच बघतोय. सांधा असता तर मला दिसला असता.” त्यांनी मणी माझ्या हातातून घेतला, उन्हात धरला आणि त्यांचा आवाज बदलला. “हेमा, तुला कळतंय का याचा अर्थ काय? काळीत मणी म्हणजे पांढरीच्या आधी इथे माणूस होता. हे गाव सातवाहनांच्याही आधीचं आहे. मी बारा वर्षांपूर्वी परिषदेत हेच म्हणालो होतो. हसले होते सगळे मला!”

पाच आठवडे ‘मिस चांदवडकर’ असलेली मी एका मण्यासरशी ‘हेमा’ झाले. सर शिडी चढले ते गुणगुणत. तंबूत जाऊन त्यांनी स्वयंपाक्याला कांदाभजीचा घाणा काढायला लावला. सगळ्या मजुरांना बोलावलं, स्वतःच्या हाताने भजी वाटली आणि हैदराबादच्या ज्या विद्वानांनी त्यांना परिषदेत आडवं पाडलं होतं, त्यांची नक्कल करून दाखवली. सर नक्कल करू शकतात हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नोंदवहीत मी मोठ्या दिमाखाने लिहिलं: मणी क्रमांक एक, थर काळी. सरांनी संस्थेला पत्र लिहायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आमची जीप तालुक्याला टपाल टाकायला जाणार होती.

“तुझ्या प्रबंधाचं काय ते आता मी बघतो,” सर मला म्हणाले. “मणी तुझे.”

मी हवेत होते. त्या दुपारी कुणी मला मंत्री केलं असतं तरी मी पायउतार झाल्यासारखं मानलं असतं.

संध्याकाळी उजेड होता तोवर चित्र काढावं म्हणून मी मणी पाण्याच्या वाटीत टाकला. भोकातली माती सुटली, पाणी गढूळ झालं. मी ते ओतून दुसरं घेतलं. आणि त्या दुसऱ्या पाण्यात मण्याच्या भोकातून एक पिवळी रेघ निघाली आणि हळूहळू पसरली.

मी वाटी नाकाशी नेली. हळद.

सुई घेऊन भोकात फिरवली, तर टोकाला तांबड्या दोऱ्याचा तंतू आला. दोन हजार वर्षांत हळद धुऊन जाते, दोरा कुजून जातो. हा मणी कालपरवापर्यंत कुणाच्या तरी गळ्यात होता.

खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो वाटीतलं पाणी ओतून टाकण्याचा. कुणी पाहिलं नव्हतं. सांधा नाही असं सर स्वतः म्हणाले होते. पत्र लिहून झालं होतं. पलीकडच्या तंबूत सर अजून गुणगुणत होते. आणि हे सगळं पुसायला मला फक्त मनगट जरा वाकडं करायचं होतं. मी ती वाटी तशीच हातात धरून बराच वेळ उभी राहिले. मग तिच्यावर बशी झाकली आणि ती पेटीत ठेवली. झोप अर्थातच लागली नाही.

कुणी ठेवला असेल, याबद्दल शंका नव्हती. ‘हितं मऊ लागू लागलंय’ हे शब्द रात्रभर कानात होते. शुक्रवारी सकाळी सात वाजता मी कौतिकाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. रागाने माझे कान तापले होते.

अंगणात तीन-चार पोरी खडे खेळत बसल्या होत्या. कौतिकाबाई भिंतीला पोतेरा देत होत्या. मला पाहून त्यांनी हात धुतले आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, “कळलं व्हय?”

“हळद निघाली भोकातून.”

“आगं माय! धुतला व्हता की मी चांगला.”

“कौतिकाबाई, हे काय केलंत तुम्ही? का केलंत?”

“तुमी रडू लागल्या व्हत्या.” त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं, की माझा राग जागच्या जागी अडखळला. “बुधवारी मी भाकरी खाऊन लौकर आले, तर तुमी खाली बसून रडू लागल्या व्हत्या. लेकरावानी. मला बघवलं नाई. पाच हप्ते झाले, तुमी मणी मणी करू लागल्या. मंग म्हणलं, एक मणी तर पायजेल, देऊन टाकू.”

“कुणाचा होता?”

“माह्या पोरीचा. आमच्यात पाचवीला लेकराच्या गळ्यात पांढरीचा मणी बांधतेत, हळदीच्या दोऱ्यात. मंजी गावची पांढर लेकराला वळखती. दिष्ट लागत नाई. पोर गेली नांदायला, मणी माह्यापाशीच व्हता.”

मी ओट्यावर बसले. भांडायला आले होते आणि आता माझ्याच डोळ्यांत पाणी येत होतं.

“पण काळीत का पुरलात?” मी म्हणाले. “वर पांढरीत ठेवला असता तरी चाललं असतं. काळीत माणसाची वस्तू नसते हो कधी. त्या एका मण्यानं सरांनी अख्खा इतिहास तीनशे वर्षं मागे नेलाय!”

“पांढर टणक असती. कुदळीनं मणी फुटला असता ना. खाली मऊ व्हतं.” मग त्या जरा अभिमानाने म्हणाल्या, “वरून पाण्याचा हात फिरवला, सारवतेत तसा. सायबाला बी नाई गावला.”

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण आठच्या आत मला जीप अडवायची होती. “चला माझ्याबरोबर,” मी म्हणाले. “सरांना सांगावं लागेल. मी सांगते, तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा.”

“तुमचा खड्डा बंद करतेन की.”

“करू देत.”

“मंग तुमाला खापरं धुवाया बसवतेन.”

“बसेन.”

कौतिकाबाई लुगडं बदलायला आत गेल्या. मी मान खाली घालून बसले होते, तेवढ्यात पोरींच्या डावातला एक खडा उडाला आणि माझ्या चपलेपाशी येऊन थांबला. मी तो उचलून परत द्यायला हात पुढे केला. आणि हात तसाच राहिला.

तो लाल अकीक होता. आठ बाजूंनी ठोकून गोलसर केलेला, पण घासलेला नव्हता. एका बाजूने भोक पाडायला सुरुवात केलेली होती. भोक अर्ध्यापर्यंत जाऊन थांबलं होतं.

मणी करणारा कारागीर भोक दोन्ही बाजूंनी पाडत आणतो आणि मध्ये गाठतो. अर्ध्यातच दगडाला तडा गेला, तर तो मणी फेकून देतो. विकलेला मणी जगात कुठेही जातो. फेकलेला मणी मात्र कारखान्याच्या दारातच पडून राहतो.

“बाकीचे दाखवा गं,” मी म्हणाले.

पोरींनी उरलेले चारही खडे माझ्या ओंजळीत टाकले, एकूण पाच झाले. दोन नुसते ठोकलेले. दोन अर्ध्या भोकाचे. एकाचे दोन तुकडे झालेले, त्यातला एक.

“कौतिकाबाई!” मी ओरडले. त्या लुगड्याचा पदर खोचत धावत बाहेर आल्या. “हे कुठून आणतात पोरी?”

“ते व्हय? ते बिनकामाचे हायेत. भोक नसतंय, दोऱ्यात ववता येत नाई. म्हणून पोरी खेळाया घेतेत. आमी बी खेळलो त्याच्यावर.”

“पण कुठून?”

“आमच्या उकिरड्याखालून. खत काढलं की तळाला निघतेत. लई निघतेत. टेकाडाच्या पायथ्याला, वढ्याच्या अंगाला.”

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी टेकाडाकडे पळत सुटलो. चाळीस वर्षांत मी अनेक परिषदांना गेले, विमानं गाठली, पण तशी कधी पळाले नाही.

जीप सुरू झाली होती. सर पुढच्या सीटवर कोट घालून बसले होते, मांडीवर पत्राचा लिफाफा. मी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले.

“सर, पत्र टाकू नका. मणी कालचा आहे.”

“कालचाच आहे की. काल अकरा वाजता मिळाला.”

“तसा नाही, सर. त्याच्या भोकात हळद आहे. दोरा आहे. तो बुधवारी कुणीतरी पुरला.”

चालकाने न सांगता इंजिन बंद केलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या कौतिकाबाईंकडे. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यातला सगळा आनंद निघून गेला. ते मला बघवलं नाही. काल नक्कल करणारा माणूस तो हाच का, असं वाटलं.

“बाई, तुम्ही?” सर म्हणाले.

“व्हय सायेब. चुकलं.”

“तुम्ही काय केलंत, कळतंय तुम्हाला? हे पत्र गेलं असतं. मी हे छापलं असतं. मला लोकांनी जोड्याने मारलं असतं!”

“चुकलं म्हणलं ना, सायेब. हाजरी काटा, कामावरून काढा. पर बाईंला काही म्हणू नका, त्यांला काई ठावं नव्हतं.” आणि मग जरा थांबून, “आन् सायेब, तुमी बी चुकलाव. पाच हप्ते झाले, तुमी नुस्तं उंचावर खणू लागलाव. मण्याचं काम खाली व्हतं, वढ्यापाशी. दगड घासाया पाणी लागतंय. उंचावर कोण पाणी नेईल?”

मी पाचही खडे बॉनेटवर ठेवले. सरांनी लिफाफा बाजूला टाकला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक खडा उचलून पाहिला. अर्ध्या भोकाचा त्यांनी दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहिला.

“हे तुम्हाला ठाऊक होतं?” त्यांनी कौतिकाबाईंना विचारलं. “पाच आठवडे?”

“खाली मणी निघतेत हे समद्या गावाला ठावं हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमीच म्हणला व्हता, सायेब. खड्ड्यात बोलायचं नाई.”

कुणी हसलं नाही. सर जीपमधून उतरले. त्यांनी पत्राचे चार तुकडे केले, ते कोटाच्या खिशात कोंबले आणि कोट काढून सीटवर फेकला.

“चला,” ते म्हणाले. “दाखवा तुमचा उकिरडा.”

उकिरडा चार घरांचा होता आणि चार घरांचं वर्षभराचं खत त्यात होतं. ते हलवायला दोन दिवस लागले. शुक्रवारी दुपारी सर स्वतः शेणाची पाटी डोक्यावर घेऊन चढावर निघाले, तेव्हा सगळं गाव बघायला जमलं. एक म्हातारे आजोबा म्हणाले, “शिकून सवरून काय झालं, शेवटी शेणच उचलावं लागलं.” सरांनी त्यांना पाटीखालूनच रामराम केला.

शनिवारी चार वाजता, म्हणजे मला दिलेल्या मुदतीच्या दिवशी, खताखालची पांढर मोकळी झाली. आम्हाला खणावंही लागलं नाही. कौतिकाबाईंनी खुरप्याचा एक हात फिरवला आणि खाली अख्खी जमीन लाल झाली. अकीकाच्या कपच्या, ठोकलेले दगड, फुटके मणी, अर्ध्या भोकांचे मणी. मध्ये मणी घासायचा एक लांबट दगड होता, त्याला बोटाएवढ्या चार पन्हळी पडल्या होत्या. त्याच्यासमोर एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच जागा स्वच्छ होती. तिथे एकही कपची नव्हती. कारागीर तिथे बसत असणार, आणि कचरा त्याच्या मांड्यांच्या दोन्ही अंगांना पडत असणार. दोन हजार वर्षांपूर्वी तो उठून गेला आणि त्याची बसायची जागा तशीच राहिली.

मी ओरडत होते की रडत होते, मला आठवत नाही. कौतिकाबाईंनी मला घट्ट धरलं होतं एवढं आठवतं. सर काठावर बसले, पाय खाली सोडून, लहान मुलासारखे.

“बोला आता,” ते कौतिकाबाईंना म्हणाले. “सगळं बोला. पुढे कुठे खणायचं?”

आणि त्या बोलल्या. पाच आठवड्यांचं साठलेलं त्या एका संध्याकाळीत बोलल्या, आणि पुढचे तीन हंगामही बोलत राहिल्या. ‘खड्ड्यात बोलायचं नाही’ हा नियम त्या दिवशी गेला तो पुन्हा आला नाही. मी पुढे स्वतः जिथे जिथे उत्खनन केलं, तिथे पहिल्या दिवशी गावातल्या बायकांना एकच विचारत आले: तुमच्या पोरी कशाने खेळतात? त्या प्रश्नाने मला जे दिलं, ते कुठल्याही परिषदेने दिलं नाही.

एक काम राहिलं होतं. नोंदवहीत मणी क्रमांक एक शाईने लिहिलेला होता, आणि शाईने लिहिलेलं खोडायचं तर कारण द्यावं लागे. मी वही घेऊन सरांच्या तंबूत गेले.

“काय लिहू, सर? खरं लिहिलं तर कौतिकाबाईंना कामावरून काढावं लागेल. वस्तू पुरणाऱ्याला काढायचंच, हा नियम आहे.”

सर हातात खडे खेळवत होते. ते पाच खडे त्यांनी पोरींकडून मागून घेतले होते आणि बदल्यात त्यांना काचेच्या गोट्या आणून दिल्या होत्या.

“वरची वस्तू खाली गेली,” ते म्हणाले. “कुणीतरी नेली. सांधा दिसला नाही. अशा वेळी आपण काय लिहितो?”

मी पेनाचं टोपण काढलं.

“मी पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं,” सर म्हणाले. “तू ऐकलं नाहीस. लिही.”

मी लिहिलं: मणी क्रमांक एक रद्द. कारण, उंदीर. ती वही अजून संस्थेत आहे. मी तिथून निवृत्त झाले त्या दिवशी ते पान पुन्हा काढून पाहिलं आणि एकटीच हसले. रद्द झालेला मणी सरकारचा उरला नव्हता. तो मी कौतिकाबाईंच्या हातात परत ठेवला.

चार वर्षांनी पुण्यात मला मुलगी झाली. प्रबंध पूर्ण झाला होता, नोकरी लागली होती. पाचव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं असताना दारात कौतिकाबाई उभ्या. रात्रभर एसटीत बसून आल्या होत्या, हातात एवढंसं गाठोडं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सरळ पाळण्याशी गेल्या, कनवटीची पुडी सोडली आणि माझ्या लेकीच्या गळ्यात हळदीच्या नव्या दोऱ्यातला तो मणी बांधला.

“आता पांढर हिला वळखती,” त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात गालाशी धरला.

तेवढ्यात खांबेटे सर आले. निवृत्त झाले होते, पोट जरा उतरलं होतं, हातात चांदीची वाटी. पाळण्यावर वाकले, कौतुकाने काहीतरी म्हणणार होते, आणि थांबले. चष्मा कपाळावर चढला. नाक मण्यापाशी गेलं.

“मिस चांदवडकर,” ते न वळता म्हणाले, “हा मणी मी ओळखतो. हा इथे कसा आला?”

मी काही बोलायच्या आधी कौतिकाबाईंनी पदर तोंडाशी नेला.

“उंदीर, सायेब.”